१०१ला म्हणे दोन बाप आहेत!

काय दिवस आलेत! ज्या आकड्याच्या भरवशावर आपल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या आहेराची पाकिटं भरली, त्या १०१च्या घराण्याची चर्चा भर मांडवात व्हावी? तीही बंगळूरसारख्या सभ्य शहरात, बिसिबेळे भात खाता खाता? आणि करणारे कोण, तर चांगल्या पगाराची, चष्मा लावणारी, एरवी लिफ्टमध्ये मान खाली घालून उभी राहणारी मंडळी. "१०० घ्या. अंकांची बेरीज १. मिळवा. किती झाले? १०१. आता ९१ घ्या. अंकांची बेरीज १०. मिळवा. परत १०१!" म्हणजे जनक दोन. बरं, दबक्या आवाजात तरी बोलावं! १००१चं तेच. एक जनक १०००, दुसरा ९८२. आणि ५०१, जे आपण अगदी जवळच्या नात्यात घालतो, त्याला तर कोणीच नाही. कुठलीही संख्या उचला, तिच्यात तिचेच अंक मिळवा, ५०१ काही येत नाही. हे ऐकल्यावर वधूकडच्या एका मावशींनी पाकीट उघडलं आणि वरचं रुपयाचं नाणं गुपचूप काढून घेतलं. उरलेल्या ५००चं तरी बरं आहे ना, हे विचारायचा धीर कोणाला झाला नाही. मी घरी येऊन पाहिलं. ५००चा जनक ४८४. एकच. जीव भांड्यात पडला.

पण हे खूळ आलं कुठून? माझ्या मते दोष आधी इथल्या रहदारीला द्यायला हवा. सिल्क बोर्डच्या चौकात माणूस अडकला की काय करील? पूर्वी शेजारच्या गाडीतल्या जोडप्याकडे बघायचा, ते निदान समजण्यासारखं होतं. आता तो गाडीच्या नंबराकडे बघतो. नंबराचे चार आकडे मोठ्यापासून लहानापर्यंत मांडायचे, मग तेच उलटे मांडायचे, आणि मोठ्यातून लहान वजा करायचं. जे उरेल त्याचं पुन्हा तेच. शून्य आलं तर त्याचीही जागा राखायची, त्याला हाकलायचं नाही. मग तो नंबर केए-०५ म्हणजे जयनगरचा असो, नाहीतर सुट्टीला आलेला आपला एमएच-१२ असो, फार तर सातव्या वजाबाकीला तो ६१७४ वर येऊन बसतो. आणि एकदा बसला की बसला. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. पुढचा सिग्नल सुटेपर्यंत हेच.

यातून सुटतात ते फक्त चारही आकडे सारखे असलेले नंबर. ११११, ७७७७, ९९९९. त्यांचं पहिल्याच फटक्यात शून्य होतं. आता गंमत बघा, आरटीओच्या लिलावात लोक बोली चढवत जातात, घरात भांडणं ओढवून घेतात, ती नेमक्या ह्याच नंबरांसाठी! पदरचे पैसे मोजून शून्य विकत घेणारी ही जात. एवढ्या मोठ्या काळ्या गाडीतून उतरणाऱ्या गृहस्थाला कोणी सांगावं, की तुमच्या ९९९९ मध्ये काही नाही हो, तुमच्या मागे उभा असलेला रिक्षावाला ६१७४ पर्यंत पोचणार आहे. पुढाऱ्यांचा लाडका ०००१ मात्र चलाख. ०९९९, ८९९१, ८०८२, ८५३२ करत पाचव्या पायरीला ६१७४.

आणि १७२९? रामानुजनचा १७२९, हार्डी टॅक्सीतून उतरून ज्याला बेचव नंबर म्हणाला आणि आजारी रामानुजनने खाटेवरून ज्याची बाजू घेतली, दोन घनांची बेरीज दोन निरनिराळ्या प्रकारांनी होणारी सगळ्यांत लहान संख्या म्हणून. तो तर सात पायऱ्या पुरत्या भटकतो: ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि मग एकदाचा ६१७४. ह्याहून जास्त भटकायची सोयच नाही. कुलीन घरातली मुलंच जास्त फिरतात, दुसरं काय!

आता ज्यांनी ही दारं उघडून दिली त्यांचं नाव घ्यायलाच हवं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. फर्ग्युसनमध्ये शिकले, १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळवलं. इथपर्यंत सगळं नीट. मग १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, गरीब बिचारा माणूस, पोरांच्या वह्या तपासतोय. आणि हे इकडे संख्यांची कुळं उकरत बसलेले! ज्या संख्येला जनक नाही तिला त्यांनी स्वयंभू ठरवलं आणि अशा संख्यांना आपल्या गावाचं, देवळालीचं नाव दिलं. एका संख्याकुळाची कल्पना त्यांना डोंबिवली स्टेशनात सुचली, तर त्या स्टेशनाच्या जुन्या नावावरून 'डेमलो संख्या'. (डोंबिवलीकरांना याचा पत्ता नसतो. त्यांचं स्टेशनावर कल्पना सुचण्याइतकं लक्ष नसतं, त्यांना गाडीत शिरायचं असतं.) १९४९ मध्ये त्यांनी मद्रासच्या गणित परिषदेत ६१७४चं प्रकरण मांडलं. कित्येक प्राध्यापकांना हा पोरखेळ वाटला. मास्तरांनी पदरचे पैसे घालून पुस्तिका छापल्या. मग १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा आपल्याकडच्यांना जाग आली. आपल्या घरातल्या भानगडी नेहमी बाहेरच्यांकडूनच कळतात.

कापरेकरांची सगळ्यांत गोड करामत म्हणजे 'हर्षद'. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी. १७२९ हर्षद आहे: अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९, म्हणजे १९ आणि त्याचंच उलटं रूप. ६१७४ही हर्षद: अंकांची बेरीज १८, भागाकार ३४३, म्हणजे सातचा घन. १९७७ मध्ये आयव्हन निव्हन नावाच्या गणितज्ञाने एका परिषदेत ह्या संख्यांवर भाषण केलं, तर तिकडच्या लोकांनी त्यांना 'निव्हन संख्या' म्हणायला सुरुवात केली. असो. बारसं आधी आपल्याकडे झालंय, कागद आहेत.

तर बंगळूरच्या आपल्या मराठी मंडळींनी काय करावं? वस्त्यांचे पिनकोड हर्षद आहेत का ते काढत बसावं! घरात नारळ नाही, कामवाली आली नाही, आणि हे गृहस्थ डायनिंग टेबलावर कागद घेऊन. निकाल धक्कादायक आहे. मल्लेश्वरम, ५६०००३, नाही. बसवनगुडी, ५६०००४, नाही. म्हणजे जिथली माणसं तीन पिढ्यांपासून बाकीच्या बंगळूरकडे नाक वर करून बघतात, तिथे हर्ष नाही. व्हाइटफील्ड, ५६००६६, नाही, तेही बरंच झालं, तिथे पोचेपर्यंत आनंद कोणाचा टिकतो? पण कोरमंगला, ५६००३४, अंकांची बेरीज १८, भाग जातो, ३१,११३! आणि इलेक्ट्रॉनिक सिटी, ५६०१००, बेरीज १२, भाग जातो, ४६,६७५! दोन्हीकडची मंडळी आता अशी वागतात की जणू भाडं वाढवायला कारण मिळालं. कापरेकरांच्या देवळाली कॅम्पचा पिनकोड ४२२४०१ मी मुद्दाम पाहिला. तेराने भागला, बाकी ५. दिव्याखाली अंधार.

आणि एक सांगते, आपला ह्या शहराशी संबंध आकड्यांतूनच तुटला. शहाजीराजांची जहागीर हे. एकोजींच्या हातून ते निसटलं आणि सतराव्या शतकाच्या अखेरीला मोगलांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयारांना दिलं, तीन लाख रुपयांना. ३,००,०००. अंकांची बेरीज तीन, निःशेष भाग जातो. हर्षद रक्कम. हर्ष कोणाला झाला ते उघड आहे. आज तेवढ्यात इथे दोन खोल्यांची अनामत भागत नाही.

लोक विचारतात, ह्याचा उपयोग काय? बंगळूरमध्ये हा प्रश्न पडणारच. इथे आकडा म्हटला की पॅकेज, शेअर, चौरस फूट. नव्या माणसाची ओळख झाल्यावर तिसरं वाक्य त्याच दिशेने वळतं. अशा गावात कोणी आकड्याकडे काहीच मागत नाही, नुसतं त्याचं घराणं विचारतो, हा प्रकार मलाच अश्लील वाटायला लागलाय. उपयोग काहीच नाही, म्हणून तर सगळे खुषीत आहेत.

बरं, हर्षदांच्या नादात माणसं कुठपर्यंत जातात! १ ते १० ओळीने हर्षद आहेत, हे पोरालाही कळतं, ११ ला साखळी तुटते. कूपर आणि केनेडी ह्या दोघांनी १९९३ मध्ये सिद्ध केलं, की ओळीने २१ हर्षद संख्या कधीही, कुठेही सापडणार नाहीत. वीसच्या वर नाही. आणि तशा वीस-वीसच्या ओळी त्यांनी बांधूनही दाखवल्या. त्यातली सगळ्यांत लहान संख्या केवढी? लिहायला घेतली तर तिच्यात ४४३६ कोटींहून अधिक अंक. किंमत नव्हे हो, अंक! सेकंदाला एक अंक ह्या वेगाने लिहीत बसलात तर चौदाशे वर्षं पुरणार नाहीत. वीस सज्जन एका रांगेत बघायचे तर इतकं लांब जावं लागतं.

एवढं ऐकल्यावर साहजिकच कोणीतरी म्हणतं, छोट्यांचं सोडा, मोठ्या संख्येचं बोला. आणि मोठी संख्या म्हटली की बंगळूरमध्ये एकच नाव निघतं. शकुंतलादेवी. ४ नोव्हेंबर १९२९ ला इथेच जन्म, २१ एप्रिल २०१३ ला इथेच मृत्यू. वडील सर्कशीत. मुलीला पत्त्यांची जादू शिकवताना त्यांच्या लक्षात आलं, की ही आपल्याला फसवत नाहीये, हिला सगळे पत्ते पाठ आहेत. शाळेचं रीतसर शिक्षण नाही. पुढे सगळी दुनिया त्यांनी आकड्यांवर हिंडून काढली. १९७७ मध्ये डॅलसच्या सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठात त्यांच्यापुढे २०१ अंकी संख्या ठेवली आणि तिचं तेविसावं मूळ विचारलं. वर्गमूळ नव्हे, घनमूळ नव्हे, तेविसावं! पन्नास सेकंदांत उत्तर. तेच काम करायला युनिव्हॅक संगणकाला ६२ सेकंद लागले.

उत्तर होतं ५४६३७२८९१. आता जरा जवळ या. ह्या उत्तराकडे नीट बघा. एक ते नऊ, सगळे आकडे, प्रत्येक एकदाच! आणि क्रम? मधला ५ आधी. मग त्याच्या खालचा ४, वरचा ६. मग ३, ७. मग २, ८. आता १ आणि ९ यायला हवेत, तर आले ९ आणि १. हे काय आभाळातून पडलं? कोणीतरी फावल्या वेळात बसून प्रेमाने रचलंय, आणि शेवटी लोकांना कळू नये म्हणून दोन आकडे फिरवलेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ह्याने बाईंचं काम सोपं होत नाही, गैरसमज नको. शेवटचा अंक काढणं मात्र आपल्यालाही जमेल: तेविसाव्या घाताचा एकक अंक घनाच्या एकक अंकासारखाच असतो आणि दहाही अंकांच्या घनांचे एकक वेगवेगळे, तेव्हा २०१ अंकी राक्षसाच्या शेपटीला १ दिसला की मुळाच्या शेपटीलाही १. राहिले आठ अंक. तेवढे तुम्ही पन्नास सेकंदांत काढा, मी चहा टाकते. आणखी एक: १ ते ९ची बेरीज ४५, म्हणून उत्तराला नवाने भाग जातो, म्हणजे त्या २०१ अंकी संख्येला एकदा नव्हे, निदान तेवीस वेळा ओळीने नवाने भाग जातो. एवढ्या मोठ्या घराण्यात नवाचं इतकं प्रस्थ, आणि कोणी बोललं नाही!

१९८८ मध्ये बर्कलीच्या आर्थर जेन्सन ह्या मानसशास्त्रज्ञाने त्यांची रीतसर परीक्षा घेतली. ६,१६,२९,८७५चं घनमूळ विचारलं, त्या म्हणाल्या ३९५. १७,०८,५९,३७५चं सातवं मूळ, त्या म्हणाल्या १५. वहीत प्रश्न उतरवून व्हायच्या आत उत्तर तयार. जेन्सननी १९९० मध्ये त्यावर निबंध लिहिला. बाईंनी १९७७ मध्येच 'द वर्ल्ड ऑफ होमोसेक्शुअल्स' नावाचं पुस्तकही काढलं होतं, समलिंगी माणसांच्या बाजूने, त्या काळात. खळबळ माजायची ती त्यावर माजायला हवी होती. पण लोकांना त्यांच्याकडून गुणाकारच हवे होते.

आणि गुणाकार म्हणजे १९८०चा. जानेवारीत बाई मेदकमध्ये थेट इंदिरा गांधींविरुद्ध निवडणुकीला उभ्या होत्या, आणि १८ जूनला लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात. तिथल्या संगणक विभागाने दोन तेरा अंकी संख्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडल्या: ७६८६३६९७७४८७० आणि २४६५०९९७४५७७९. करा गुणाकार. अठ्ठावीस सेकंद, उत्तर सांगण्याचा वेळ धरून:

१८,९४७,६६८,१७७,९९५,४२६,४६२,७७३,७३०.

भास्कराचार्यांनी लीलावतीत एकं, दहं, शतं पासून परार्धापर्यंत अठरा घरं दिलीत. ही सव्वीस घरांची. म्हणजे १८ कोटी ९४ लाख ७६ हजार ६८१ परार्ध, आणि वर सुट्टे.

आता चाळीसहून जास्त वर्षांनी आमच्या मंडळींनी ह्या संख्येची चौकशी आरंभली आहे. आधी नवाचा ताळा, आजोबांच्या पद्धतीने. पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज ७८, त्याचे १५, त्याचे ६. दुसरीची ७४, त्याचे ११, त्याचे २. सहा दुणे बारा, उरले ३. उत्तराच्या अंकांची बेरीज १३८, त्याचे १२, त्याचे ३. जुळला. बाईंवर कोणाचा अविश्वास नव्हता, पण शेजारी पाहुणी आली की आपण तिचं आडनाव विचारतोच ना.

मग अकराची कसोटी, आणि इथे खरं प्रकरण बाहेर आलं. एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा करायच्या. एक आली ६९. दुसरी? ६९! फरक शून्य. म्हणजे ह्या सव्वीस अंकी बाईसाहेबांना अकराने निःशेष भाग जातो. हे अकरा आले कोणाकडून? पहिल्या संख्येकडून नाही, तिच्यात बाकी उरते. दुसरीची परीक्षा केली: ३७ आणि ३७. सापडली! चिठ्ठ्यांतून निघालेली, दिसायला निरागस, ९ वर संपणारी संख्या, आणि पोटात अकरा घेऊन लंडनपर्यंत आलेली. पहिलीचंही फार चांगलं नाही, शेवटी शून्य असल्यामुळे दोन आणि पाच तर उघडच, आणि ७८मुळे तीन. सगळं मिळून ३३० ने भाग जातो. सात आणि तेरा मात्र दारातून परत गेले, दोघांचीही बाकी ४.

शेवटचा प्रश्न साहजिकच हर्षदचा. १३८ ने भाग जातो का? १३८ म्हणजे ६ गुणिले २३. सहाने जातो, घर आनंदलं. तेविसाने? बाकी ३. सगळ्यांची तोंडं पडली. ज्या तेविसाव्या मुळाने बाईंचं नाव झालं, त्याच तेविसाने असा दगा द्यावा! इतक्या जवळ येऊन हर्षद नाही.

पण बंगळूरमध्ये कुठल्याही अडचणीवर एक उपाय असतो: स्वल्प अड्जस्ट माडी. लगेच एकाने सुचवलं, १३८ ने भागून बाकी ७२ उरते, ६६ वर टाका, काम झालं. टाकले. तर अंकांची बेरीज झाली १५०, आणि संख्या संपली ९६ वर. दीडशेने कुठली जायला? बरं, ७२ वजा करा. बेरीज १४७, आणि आता सात आडवा आला. मग एक ज्येष्ठ गृहस्थ, एरवी न बोलणारे, म्हणाले, नुसते सहा मिळवून बघा. मिळवले. बेरीज १४४. नवाने जातो! आता फक्त सोळाने गेला की झालं. शेवटचे चार अंक ३७३६. आठाने जातो. सोळाने... बाकी ८.

कॉफी निवली. गृहस्थ पुन्हा कागदाकडे वळले आहेत आणि त्यांच्या घरच्या वहिनींनी मला फोन करून सांगितलंय, की ते आता वीस मिळवून बघतायत.